देवणीच्या जीपनं पाठवलेलं औषध

मला भाव केल्याशिवाय काही घेता येत नव्हतं. कोथिंबिरीची जुडी असो की ब्लाउजच्या अस्तराचं कापड, समोरच्यानं पहिल्यांदा सांगितलेली किंमत मी कानावरच घ्यायची नाही. नवरा म्हणायचा, तुला मसणात नेलं तरी तिथं घासाघीस करशील. गमतीनं म्हणायचा. गेल्या वर्षापासून भाजीवाला मागेल ते देऊन मी घरी येते आणि नवरा माझ्याकडं बघत राहतो. विचारत मात्र नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं की नाही, माझं मलाच माहीत नाही.

अव्वाचं सांगते. अव्वा म्हणजे माझी आई. आमच्या देवणीकडं, कर्नाटकाच्या काठाला, आईला अव्वा म्हणणारी बरीच घरं आहेत. मी लग्न होऊन लातूरला आले, शिलाई मशीन घेतलं, आणि अव्वा देवणीला धाकट्या भावाकडं राहिली. भावाचं किराणा दुकान, पुढं दुकान आणि मागं घर. वडील आम्ही शाळेत असतानाच गेले. भावाला गल्ल्यावर बसता येईपर्यंत अव्वानंच ते दुकान चालवलं. उंचीनं माझ्या खांद्याला लागायची, पण वजनात मारणारा व्यापारी तिच्यापुढं मान खाली घालायचा. माझी जीभ तिच्यावरच गेलीय, असं सगळे म्हणत.

तिला साखरेचा आजार बऱ्याच वर्षांपासून. आधी गोळ्या, मग इंजेक्शन. सरकारी दवाखान्यात इन्शुलिन फुकट मिळायचं, मिळायचं तेव्हा. नसेल तर पुढच्या आठवड्यात या. पण ते अव्वाला सोसेना. एकाएकी साखर उतरायची, घाम फुटायचा, बोलणं बरळल्यासारखं व्हायचं. आम्ही लिंगायत; अव्वा रोज आंघोळ झाली की गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची, आणि पूजेआधी पाण्याचा घोटसुद्धा घ्यायची नाही. एका सकाळी पूजा करता करता पाटावरून बाजूला कलंडली. शुद्ध गेली, पण लिंग मुठीत घट्ट. भावानं गाडी करून तिला नांदेडला नेलं. मीही लातूरहून पोचले. तिथल्या डॉक्टरनं नव्या प्रकारचं इन्शुलिन लिहून दिलं, पेनातून टोचायचं. म्हणाला, "महाग आहे, पण यांना हेच चालेल. आणि यात खाडा नको."

किंमत ऐकून भाऊ चिठ्ठीकडं बघत राहिला. त्याची दोन लेकरं शाळेत, आणि गावात मोठी दुकानं झाल्यापासून त्याचं दुकान कसंबसं चाललेलं. मी म्हटलं, "औषधाचं मी बघते." तो म्हणाला, "अक्का, दिलेल्या लेकीच्या पैशानं आईचं औषध चाललंय म्हणल्यावर लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "लोकांना विचार, तुम्ही आणून देता का?" त्या दिवशी मला स्वतःचा लई अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. तेव्हापासून नवऱ्याच्या पगारात घर आणि माझ्या शिलाईत अव्वाचं औषध, असं ठरून गेलं.

देवणीत औषधाचं दुकान आमच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर. तिथं हे इन्शुलिन मिळायचं, फ्रिजमध्ये ठेवलेलं, पण छापील किमतीला. मी त्या दुकानदाराशी हुज्जत घातली. तो शांतपणे म्हणाला, "ताई, ही भाजी हाय का? छापलंय ते द्या." माझं डोकंच फिरलं. छापलंय कुणी? जे रोज टोचलं नाही तर माणूस राहत नाही, त्याच्यावर वाटेल तो आकडा छापायचा आणि आम्ही तो मुकाट्यानं द्यायचा. कुणाच्या घरात काय शिजतं, कुणाची कुठली गोळी बंद झाली, हे छापणाऱ्याला कशाला कळेल. दुकानदारावर तोंड टाकून मी बाहेर आले. त्याच्याही हातात काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

लातूरला आल्यावर मी औषधांची सगळी दुकानं पालथी घातली. सात-आठ ठिकाणी नकार ऐकला. शेवटी ठोक दुकानांच्या गल्लीत, एका जिन्याखाली बसणारा दुकानदार म्हणाला, दोन महिन्यांचं एकदम घेतलं तर कमी करतो. मी तिथंच स्टुलावर ठाण मांडलं आणि त्यानं सांगितलेल्यातूनही आणखी थोडं काढूनच उठले. एका खेपेला जे वाचायचं ते तीन ब्लाउजांच्या शिलाईएवढं. ज्याला याचं हसू येतंय त्यानं तीन ब्लाउज शिवून बघावेत, अस्तर आणि हुकांसकट. तेवढ्यानंही भागत नव्हतं, म्हणून माझ्या गुडघ्याच्या गोळ्या मी बंद केल्या. त्याचं काही वाटलं नाही, पाय आखडला की मशीनवरून उठून दोन फेऱ्या मारायच्या.

आता हे औषध देवणीला पोचवायचं कसं? स्वतः जायचं तर दोन्हीकडचं भाडं आणि दिवसभराची शिलाई बुडणार, मग वाचलं काय? आमच्याकडं असं सामान जीपच्या ड्रायव्हरच्या हाती पाठवतात. लातूरहून रोज सकाळी एक काळी-पिवळी जीप उदगीरवरून देवणीला जायची. लग्नपत्रिका, दुरुस्तीला दिलेले चष्मे, बाळंतिणीचे डिंकाचे लाडू, सगळं त्या ड्रायव्हरकडं दिलं की पोचायचं. पन्नाशी ओलांडलेला माणूस, सगळे त्यांना मामा म्हणत. मामांनी कधी कुणाची टाचणी हरवली नाही. दुपारी भाऊ देवणीच्या स्टँडवर जायचा आणि पुडी घेऊन यायचा.

पहिल्या वेळी मी थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून दिला होता, कारण औषधवाल्यानं थंड ठेवा म्हणून बजावलं होतं. बर्फाचं पाणी झालं, जीपमध्ये सांडलं आणि कुणाच्या तरी पत्रिकांचा गठ्ठा भिजला. मामा मला म्हणाले, "ताई, बर्फ नका देऊ. लोकं मला बोलून राहिले. मी सांभाळून नेतो की." मी औषधवाल्याला विचारलं. तो गिऱ्हाईकाच्या गडबडीत होता, म्हणाला, "दोन-तीन तासांनी काही होत नाही." मला हवं तेच उत्तर मिळालं. देवणीला तीन तासांत पोचतं का, हे मी मनात आणलं नाही. सीटं भरेपर्यंत जीप उदगीरला उभी राहते, हे मला लहानपणापासून माहीत होतं. तरी मी पुढच्या खेपेपासून पुडी नुसती कागदात गुंडाळून द्यायला लागले आणि दर वेळी एकच सांगायची, "मामा, लई महागाचं औषध हाय. नजरेसमोर ठेवा." मामा म्हणायचे, "हाव, काळजी सोडा."

हिवाळाभर सगळं नीट चाललं. अव्वाची साखर ताब्यात, तोंडावर तेज. शेजारणींना सांगायची, "माझी लेक लातूरहून स्वस्तात आणती. भाव करणं माझ्यापासनंच शिकली." मी फोनवर असले की हे जरा मोठ्यानं सांगायची, मला ऐकू यावं म्हणून.

मार्चच्या सुरुवातीला पुडी गेली आणि पंधरा दिवसांत साखर चढायला लागली. भाऊ बोट टोचून यंत्रावर बघायचा आणि मला फोन करायचा. नांदेडच्या डॉक्टरनं फोनवर डोस वाढवायला सांगितला. डोस वाढला म्हणून औषध लवकर संपलं आणि मी एप्रिलच्या मध्यावर पुढची पुडी पाठवली. त्यावर साखर आणखी चढली. अव्वा सुकत चालली, सारखं पाणी प्यायची, दिवसातून दहादा उठायची. डॉक्टरनं भावाला विचारलं, "खातात काय त्या?" औषध पाण्यासारखं स्वच्छ दिसत होतं, मुदत पुढच्या वर्षाची होती, सुई बरोबर टोचली जात होती. मग चूक कुणाची राहिली? खाणाऱ्याचीच.

त्यात आंब्याचे दिवस आले. अक्षय तृतीयेला घरात आमरस झाला. भावानं दुकानाच्या मागच्या खोलीत वाळल्या गवताच्या पिंजरात गावरान आंबे पिकायला घातले होते. अव्वाला आंब्याचं वेड, हे सगळ्या गल्लीला माहीत. दोन दिवसांनी भावजयीला मागच्या दाराशी, धुण्याच्या दगडाजवळ, चोखलेली कोय सापडली. भावानं मला फोन केला, "अक्का, तूच येऊन बोल. माझं काही ऐकून राहिली न्हाई ती." मी हातातलं काम टाकून दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं देवणीला गेले. भाड्याचे पैसे गेले, दिवस बुडाला, त्याचाही राग डोक्यात होता.

अव्वा बाजेवर बसली होती. मी पाणीसुद्धा प्याले नाही, उभ्या उभ्याच विचारलं, "अव्वा, किती खाल्लेस?"

"काय?"

"आंबे."

तिनं भावजयीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "मी न्हाई खाल्ला."

"मग कोय कुठनं आली?"

"गल्लीतली लेकरं टाकत्यात. मला काय ठाव."

माझा तोल गेला. मी म्हटलं, "मी तिकडं डोळे फोडून हुक लावते, स्वतःच्या गोळ्या बंद करून तुझं औषध आणते, आणि तू मागच्या दाराला बसून आंबे चोखून राहिलीस?" हे सगळं भावाच्या, भावजयीच्या, लेकरांच्या देखत. दुकानात गिऱ्हाईक होतं, त्यानंही ऐकलं असणार. जिच्यापुढं बाजारातले लोक मान खाली घालायचे, ती माझ्यापुढं मान खाली घालून बसली होती.

मग तिनं गळ्यातली डबी बाहेर काढली. उघडली. लिंग डाव्या तळहातावर घेतलं आणि हात माझ्यापुढं धरला. म्हणाली, "ह्याला हातात घिऊन सांगते. आंबा जिभंला लावला न्हाई."

आमच्या घरांत हे शेवटचं बोलणं असतं. लिंग हातावर घेऊन सांगितल्यावर पुढं कुणी विचारत नाही. तिनं आयुष्यात दुसऱ्यांदा असं केलं होतं. पहिल्यांदा वडिलांच्या माघारी, दुकानावरून भावकीशी तंटा झाला तेव्हा, आणि भावकीतला सगळ्यात आडमुठा माणूससुद्धा तेव्हा उठून गेला होता. मी मागं हटले नाही. मी म्हटलं, "अव्वा, आता देवालाबी खोट्यात ओढून राहिलीस का?"

तिनं हात मागं घेतला. लिंग डबीत ठेवायला लागली, पण झाकण तिच्या बोटांना लागेना. भाऊ दुसरीकडं बघत होता. दुपारच्या बसनं मी जेवण न करता निघाले. अव्वा दारापर्यंत आली, हाक मात्र मारली नाही तिनं.

त्यानंतर ती रोज दुपारी अनवाणी महादेवाच्या देवळात जायला लागली, हे मला भावजयीनं नंतर सांगितलं. देवळापुढं फरशी आहे, मे महिन्यात तिच्यावर पाय ठरत नाही. अव्वाच्या तळव्यांना साखरेनं कळच राहिली नव्हती. ती सावकाश पाच फेऱ्या घालायची. टाचेला फोड आला, फुटला, तिनं त्यावर हळद दाबली आणि कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर पुन्हा आंब्याचं निघेल, असं तिला वाटलं असेल. वास यायला लागला तेव्हा भावजयीनं लुगडं वर करून बघितलं. पाय घोट्यापर्यंत काळा पडला होता.

लातूरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, गुडघ्याखाली कापावा लागेल, आणि आजच. अव्वा मला म्हणाली, "मग मला बसवतील कसं ग?" डॉक्टरांना वाटलं ती खुर्चीवर बसण्याचं विचारतेय. मी त्यांना सांगितलं, आमच्यात माणूस गेलं की जाळत नाहीत, मांडी घालून बसवून पुरतात, हातात लिंग देऊन. ते विचारतेय ती. डॉक्टर म्हणाले, "आधी जगू तर द्या." भावानं कागद माझ्याकडं सरकवला, सही मी केली.

दवाखान्यात चार दिवसांत साखर ताब्यात आली. तिथलं इन्शुलिन, तिथल्या फ्रिजमधलं. डॉक्टर भावाला म्हणाले, "बघा, इथं पथ्य झालं की कशी उतरली." भावानं माझ्याकडं बघितलं, मी मान हलवली. आम्हा दोघांना पुरावा मिळाला होता. पाय गेला तरी माझ्या मनातून कोय गेली नव्हती, ही माझी जात.

भाऊ तिला गाडीनं देवणीला घेऊन गेला. दोन दिवसांनी मी निघाले. जिन्याखालच्या दुकानातून पुढचं औषध घेतलं, नेहमीसारखा भाव करून, आणि सकाळी जीपच्या थांब्यावर गेले. जूनचे पहिले दिवस, पावसाचा पत्ता नाही. मामा मला बघून म्हणाले, "ताई, आज स्वतः? बसा पुढं, माझ्या शेजारी." मग हात पुढं करून म्हणाले, "द्या ती पुडी. तिची जागा ठरलेली हाय."

पुढच्या काचेखाली पत्र्याची फळी होती. तिथं माहूरच्या देवीचा फोटो, त्याला वाळलेला हार. मामांनी पुडी फोटोच्या पायाशी ठेवली, हात जोडले आणि म्हणाले, "दर वेळी हितंच ठेवतो. तुम्ही म्हणलात ना, महागाचं औषध, नजरेसमोर ठेवा. म्हणलं आईच्या पायाशी ऱ्हाऊ द्यावं." मला भरून आलं. परक्या माणसानं आपल्या आईच्या औषधाची एवढी काळजी घ्यावी. मी त्यांना म्हटलंसुद्धा, मामा, तुमचे उपकार हायत.

उदगीरला जीप उभी राहिली. मामा चहाला गेले. मागची माणसं उतरून झाडाखाली गेली. जागा जाईल म्हणून मी बसून राहिले. ऊन सरळ काचेतून आत येत होतं. खालून इंजिनाची धग. पुडी घसरतेय असं वाटलं म्हणून मी हात लावला आणि झटक्यानं मागं घेतला. तव्यावरून नुकत्याच काढलेल्या भाकरीसारखी गरम होती. मी पुन्हा हात लावला. कागद सोडून आतल्या डबीला लावला. मग पेनात घालायच्या काचेच्या नळीला लावला. नळीतलं औषध पाण्यासारखं स्वच्छ होतं.

मला एकदम काही कळलं नाही. आधी मार्चची पुडी आठवली, ऊन वाढल्यावरची पहिली. मग एप्रिलची. मग औषधवाल्याचं "थंड ठेवा". मग अव्वाचा पुढं धरलेला डावा हात. त्या क्रमानंच आठवलं. मामा आले तेव्हा मी विचारलं, "आपण हितं किती वेळ थांबतो, मामा?" ते म्हणाले, "तास, दीड तास. सीटं भरली की निघायचं." मी पुडी उचलून मांडीवर घेतली. त्यांना काय बोलणार? मी सांगितलं होतं तेच त्या माणसानं केलं होतं, वर देवीच्या पायाशी ठेवलं होतं.

देवणीत उतरल्यावर ती पुडी मी गटारात टाकली. मग घरापासून पाच मिनिटांवरच्या त्या औषधाच्या दुकानात गेले आणि फ्रिजमधलं इन्शुलिन मागितलं. त्यानं किंमत सांगितली. मी दिली. त्यानं पिशवीत बर्फाची पुडी घातली आणि दोनदा माझ्याकडं बघितलं, ही बाई आज भांडत का नाही म्हणून.

घरी सांगायचं ठरवूनच गेले होते. अव्वा बाजेवर होती, पायाच्या जागी चादर सपाट पडली होती. शेजारीण बसली होती. अव्वा तिला सांगत होती, "माझ्या लेकीनं औषधात कधी खंड पडू दिला न्हाई." मी पाणी प्याले आणि आत जाऊन बसले.

त्यानंतर औषध देवणीतूनच घ्यायचं असं मी भावाला सांगितलं. का म्हणून त्यानं विचारलं, तर मी म्हटलं, लातूरचा दुकानदार आता कमी करत नाही. साखर उतरली ती उतरलीच. भाऊ म्हणाला, "बघ अक्का, आंबे संपले आन् साखर उतरली." हे असंही दिसू शकतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सगळ्या घराला आता खात्री झाली होती, आणि खरं माहीत असलेली एकटी मी होते. मी तेव्हा बोलायला पाहिजे होतं. मी बोलले नाही. मला भीती वाटली. तीन ब्लाउजांच्या शिलाईसाठी आईचा पाय गेला, हे तोंडातून काढायची माझी छाती झाली नाही.

त्यापुढं दर आठवड्याला मी देवणीला जायची. आता मला भाड्याचं आणि बुडालेल्या दिवसाचं काही वाटत नव्हतं. श्रावणात एका दुपारी अव्वा आणि मी दोघीच होतो. मी तिचे केस विंचरत होते. ती म्हणाली, "पोरी, मीच खाल्ला असंल ग."

माझा फणीचा हात थांबला.

"मला आठवंना झालंय. पर तू म्हणलीस, तुझा भाऊ म्हणला, डाक्तर म्हणला. एवढी माणसं खोटं कशाला बोलतील? खाल्ला असंल, इसरले असंल. आन् ह्याला हातात घिऊन खोटं बोलले. म्हणून त्यानं पाय नेला." तिनं डबीवर हात ठेवला. "पूजेला बसले की हात पुढं करायची लाज वाटती मला."

मी तोंड उघडलं. सगळं जिभेवर आलं होतं, जीप, काच, ऊन, देवीचा फोटो, बर्फ नको म्हणालेले मामा, हो म्हणालेली मी. नुसतं एक वाक्य बोलायचं होतं. ती रागावली असती, रडली असती, कदाचित पुन्हा माझं तोंड बघितलं नसतं तिनं. पण लिंगापुढं हात करायची लाज तरी गेली असती तिची. मी म्हटलं, "पड थोडं आता. पुढच्या आठवड्यात आले की बोलू."

पुढच्या आठवड्याच्या आधीच, दुपारी जेवून पडली ती उठली नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं.

आमच्यात समाधीला बायकाही जातात. शेताच्या कडेला, वडिलांच्या शेजारी खड्डा घेतला होता. अव्वाला खुर्चीत बसवून नेलं, कपाळभर भस्म, गळ्यात हार. खाली उतरवून मांडी घालायची वेळ आली तेव्हा माणसं एकमेकांकडं बघायला लागली. एक पाय दुमडला. दुसऱ्याच्या जागी काहीच नव्हतं, तिचा तोल त्या बाजूला जायचा. विधीला आलेले जंगम स्वामी म्हणाले, "काही हरकत न्हाई, त्याला सगळं चालतंय." भावजयीनं अव्वाचं एक जुनं लुगडं घरून मागवलं, त्याची गुंडाळी करून त्या बाजूला खाली दिली. तेव्हा कुठं ती सरळ बसली.

स्वामींनी लिंग काढून तिच्या डाव्या तळहातावर ठेवलं. बोटं मिटेनात. स्वामी म्हणाले, "लेकीनं मिटावीत." मी खाली उतरले. तिची बोटं एकेक करून मिटली, तोच हात होता. कपाळाला भस्म लावायच्या निमित्तानं वाकले आणि तिच्या कानापाशी म्हटलं, "अव्वा, तू आंबा खाल्ला न्हाईस."

काठावरून भावानं विचारलं, "अक्का, काय म्हणलीस?"

मी म्हटलं, "काही न्हाई. माती लोटा."

भावाला अजून वाटतं, अव्वानं आंबा खाल्ला होता.